इकालुविकला जाण्याआधी

"आई गं... मेले मी!"

हे आपण मनातल्या मनात म्हणालो असंच वल्लरीला वाटलं होतं. दंडाभोवतीचा पट्टा फुगत चालला होता, बोटांना मुंग्या आल्या होत्या आणि समोरच्या मशीनवरचे आकडे थांबायचं नाव घेत नव्हते.

"एवढ्यात नाही," मशीनजवळ उभा असलेला निळ्या कपड्यांतला माणूस शांतपणे म्हणाला. "एकशे अठ्ठावन्नला कोणी मरत नाही."

चक्क मराठीत!

ती अशी दचकली की खुर्चीच मागे सरकली. सिंगापूरच्या नोव्हेना भागातल्या या क्लिनिकात सकाळपासून सगळे तिच्याशी इंग्रजीतच बोलले होते. नाव, जन्मतारीख, स्टुडंट पास, काही खाऊन आलात का... आणि आता हा! खिशावरच्या पाटीवर नाव होतं, उन्मेष. आडनाव तिने वाचलंच नाही, कारण तेवढ्यात त्याने मान वर केली. ओठ गंभीर होते, पण डोळे हसत होते.

"तुम्हाला कसं कळलं, मी—"

"'आई गं' म्हणून घाबरणारी माणसं आणखी कुठली असणार?" त्याने फॉर्मवर आकडे लिहिले. "मी मिरजेचा. तुम्ही?"

"ठाण्याची. किती आलं म्हणालात?"

"वरचं एकशे अठ्ठावन्न, खालचं शहाण्णव. आणि इथे लिहिलंय, एकशे चाळीस-नव्वदच्या आत हवं." त्याने फॉर्म उलटून पाहिला. "निघालात तरी कुठे?"

"इकालुविकला."

"हे... मलेशियात आलं का?"

इतक्या भीतीतही वल्लरीला हसू फुटलं. मग ते जसं आलं तसंच विरून गेलं. मलेशियात असतं तर कशाला घाबरले असते मी, तिला वाटलं.

इकालुविक होतं कॅनडाच्या पार उत्तर टोकाला, गोठणाऱ्या समुद्राच्या काठावर. साडेतीनशे वस्तीचं इनुइट लोकांचं गाव. गावाला रस्ता नाही. जायचं तर छोट्या विमानाने, तेही आभाळ मोकळं असेल तर. त्या गावाने यंदा पहिल्यांदाच स्वतःचा एक अभ्यासक्रम सुरू करायचा ठरवला होता. दहा महिने. शिकवणार गावातलेच जुने शिकारी आणि वयस्क बायका. बर्फ कुठला पाय पेलतो आणि कुठला नाही, बर्फाखालून भरती कशी येते, सील श्वास घ्यायला कुठे वर येतो... गावातले आठ विद्यार्थी आणि जगभरातून निवडलेले चार. वल्लरी त्या चारांतली एक होती.

ती सिंगापूरच्या विद्यापीठात समुद्रगवतावर संशोधन करत होती. चार वर्षं ओहोटीच्या चिखलात गुडघाभर उभं राहून गवताची पाती मोजली होती. त्या अभ्यासक्रमाची जाहिरात तिने पाहिली तेव्हा फोटोत एक म्हातारी बर्फाच्या कडेला बसून पाण्याकडे बघत होती. दूध उतू जाईल म्हणून एखादी बाई त्याच्याकडे बघते ना, तशी. वल्लरीला एकदम वाटलं, हिला माहीत आहे ते मला शिकायचंय. त्याच झटक्यात तिने अर्ज केला. निवड झाली. ठाण्यात आईने अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले.

आणि त्या दिवसापासून वल्लरीची झोप उडाली.

कारण वल्लरी भित्री होती. लहानपणापासून. फटाके, कुत्रे, लिफ्ट, परीक्षेआधीची घंटा... कशालाही ती घाबरायची. आता तर भ्यायला खरोखरीचं कारण होतं. ती मोबाइलवर छोट्या विमानांचे व्हिडिओ बघायची आणि तळहात ओले व्हायचे. डिसेंबरात तिथे सूर्य उगवतच नाही, हे वाचून तिने भर दुपारी खोलीतले सगळे दिवे लावले होते. गावात डॉक्टर नाही. दोन नर्स आहेत. इस्पितळ विमानाने तीन तासांवर. म्हणून तर ही वैद्यकीय तपासणी इतकी कडक होती.

"घाबरलात म्हणून वाढलं असेल," उन्मेष म्हणाला. "डॉक्टर चोवीस तासांचं मशीन लावायला सांगतील. दर अर्ध्या तासाने बीपी मोजतं. त्या त्या वेळी तुम्ही काय करत होतात ते या वहीत लिहायचं."

"मराठीत लिहिलं तर चालेल?"

"वाचणारा मीच आहे," तो म्हणाला.

त्याने पट्टा बांधला. बोटं थंडगार होती, पण हात अगदी हलका. पट्टा आणि दंड यांच्यामध्ये त्याने दोन बोटं सरकवून बघितली, फार घट्ट नाही ना म्हणून... आणि वल्लरीने खिडकीबाहेरच्या क्रेनकडे अगदी मन लावून बघितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मशीन परत द्यायला आली तेव्हा बाहेर धो धो पाऊस लागला होता. छत्री असूनही चप्पल, सलवारीची टोकं, वेणी, सगळं निथळत होतं. उन्मेषने आधी तिला कागदी टॉवेल दिले, मग मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि वही उघडून समोर ठेवली.

"'अकरा वाजता. एमआरटी ट्रेनमध्ये. उभी,'" तो हळू आवाजात वाचू लागला. "एकशे छत्तीस. ठीक. 'साडेबारा. कॅन्टीन. विमानाचा व्हिडिओ बघितला. बघायला नको होता.' एकशे एक्कावन्न. खरंच नको होता. 'दोन. आईचा फोन. तिने शेजारच्या काकूंना फोन दिला. काकूंनी विचारलं तिथे इडली मिळते का.' एकशे एकोणपन्नास..."

"हसू नका."

"हसत नाहीये. 'साडेचार. क्लिनिकमधून फोन आला. पट्टा सैल झालाय का विचारलं. नाही झाला.'" तो थांबला. पडद्यावरचा आकडा बघितला. "एकशे... चोपन्न."

बाहेर पाऊस कोसळत होता म्हणून बरं. नाहीतर खोलीत नुसती शांतता पसरली असती.

"मोजताना बोललं की वाढतं," तो पडद्याकडे बघत म्हणाला. "सूचनांमध्ये लिहिलेलं असतं तसं."

"फोन तुम्हीच केला होतात."

"हो, म्हणजे... चूक माझीच."

त्याने घाईघाईने पान उलटलं, आणि पुढची ओळ वाचून त्याचा चेहरा बदलला. ती ओळ त्याने मोठ्याने वाचली नाही. वल्लरीला आठवलं तिथे काय लिहिलं होतं ते. *सात वाजता. जेवण जात नाही. मशीनने जास्तच दाखवलं तर बरं. मग मला जावं लागणार नाही आणि कोणी मला भित्री म्हणणार नाही.*

"हे खरं आहे?" त्याने विचारलं.

ती ओल्या वेणीचं टोक पिळत राहिली.

"मी आकडा बदलत नाही हं," उन्मेष हळूच म्हणाला. "वरही नाही, खालीही नाही. कोणासाठीच."

"मी तसं म्हटलं का?"

"नाही. मी आधीच सांगून ठेवतोय."

एकंदर सरासरी आली एकशे अडतीस-अठ्ठ्याऐंशी. अगदी उंबऱ्यावर. डॉक्टरांनी सांगितलं, तीन आठवड्यांनी पुन्हा या, एकदा बसून मोजू, तो आकडा शेवटचा. मीठ कमी करा, झोप घ्या. जणू झोप कुठल्या दुकानात मिळत होती!

जाताना ती दारापाशी थबकली. आपण काय बोलतोय हे कळायच्या आत बोलून गेली.

"माझं बीपी कायम असं नसतं. ओहोटीला असते तेव्हा मी... वेगळी असते. शनिवारी पुलाव उबिन बेटावर जातेय, गवत मोजायला. बघायचं असेल तर या."

"मशीन घेऊन?"

"आणा हवं तर," ती म्हणाली, आणि मागे न बघता लिफ्टकडे गेली. लिफ्टला घाबरायचंही ती विसरली होती.

शनिवारी सकाळी तो चांगीच्या धक्क्यावर आला तो चक्क ऑफिसचे बूट घालून. खांद्यावर पिशवी, पिशवीत घरचं बीपीचं मशीन. बेडोकहून बसने आलो म्हणाला. बारा माणसं जमल्याशिवाय नाव सुटत नाही, म्हणून दोघं बाकावर बसले. वल्लरी भरती-ओहोटीचं वेळापत्रक सांगत होती आणि तो "हो, हो" म्हणत होता, पण त्याचं सगळं लक्ष त्या हलणाऱ्या लाकडी नावेकडे होतं.

नाव सुटली तशी त्याने दोन्ही हातांनी फळी धरली. बोटांची पेरं पांढरी झाली.

"तुम्हाला पोहता येत नाही?" वल्लरीने विचारलं.

"मिरजेजवळ कृष्णा आहे," तो पाण्याकडे न बघता म्हणाला. "सगळे मित्र उड्या मारायचे. मी काठावर कपडे सांभाळायचो."

"मग आलात कशाला?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

बेटाच्या पूर्व टोकाला ओहोटीने किनारा उघडा पडला होता. लाकडी पुलावरून त्याने बघितलं, आणि खाली चिखलात उतरलेली ती वल्लरी वेगळीच होती. पायात रबरी बूट, बाह्या वर, हातात गवत मोजायची चौकट. एकेक पाऊल ती अशी टाकत होती जणू जमीन तिला आतून सांगतेय, इथे ठेव, इथे नको. "तो काळा दगड बघा," तिने खालून ओरडून सांगितलं, "पावणेबाराला बुडेल!" आणि खरोखरच पावणेबाराला पाणी दगडावरून गेलं. ती वर आली तेव्हा उन्मेष नुसता बघत होता.

पुलावरच्या छपराखाली त्याने तिचं बीपी मोजलं. एकशे सोळा-शहात्तर.

"तुम्हाला काहीही झालेलं नाही," तो म्हणाला. "ठणठणीत आहात."

"इथला समुद्र मला माहीत आहे म्हणून. तिथला नाही माहीत." ती गुडघ्यावरचा चिखल खरवडू लागली. मग एकदम म्हणाली, "मी खोटं बोललेय."

"कोणाशी?"

"लीटियाशी. त्या अभ्यासक्रमाच्या मुख्य शिक्षिका आहेत. आजीच म्हणायला हवं, सत्तरीच्या आहेत. मुलाखतीत त्यांनी एवढंच विचारलं, समुद्राची भीती वाटते का? मी म्हटलं, अजिबात नाही." तिने बोटांना लागलेला चिखल झटकला. "अजिबात नाही! मी! त्या मला बर्फावर नेतील तेव्हा त्यांना वाटेल ही घाबरत नाही, आणि माझे पायच गोठले तर? माझ्यामुळे कोणी पाण्यात गेलं तर? मला अस्वलाची भीती वाटत नाही एवढी याची वाटते."

उन्मेषने मशीनचा पट्टा गुंडाळून पिशवीत ठेवला. पाणी पुलाच्या खांबांशी चढत होतं.

"मग सांगून टाका त्यांना," तो म्हणाला.

"काढून टाकतील मला."

"मग सुटलात. तेच हवं होतं ना तुम्हाला?"

"नाही!" ती इतक्या जोरात म्हणाली की पुलावरची दोन माणसं वळून बघू लागली. "नकोय मला तसं! मला जायचंय तिथे. काय बोलता तुम्ही..."

आणि बोलता बोलता तिचं तिलाच ऐकू आलं. ती थांबली. उन्मेष हसला नाही. त्याने फक्त मान हलवली, आणि मग चेहरा दुसरीकडे वळवला. त्या वळवण्यात काहीतरी होतं... दुखल्यासारखं. पण वल्लरी आपल्याच विचारात होती. तिला ते दिसून न दिसल्यासारखं झालं.

परतीच्या वाटेवर अर्ध्या पाण्यात असताना पश्चिमेकडून आभाळ काळं झालं. सुमात्रावरून येणारं ते वादळ सिंगापूरला नवं नाही. येतं, झोडपतं, तासाभरात जातं. पण नावेत बसलेल्याला तो तास फार मोठा. वारा आला, नाव एका अंगावर कलली, पाण्याचा सपकारा आत आला. नावाड्याने काहीतरी ओरडून ताडपत्री सोडली. उन्मेषने डोळे मिटले. ओठ पांढरे पडले होते.

वल्लरी सरकून त्याच्या शेजारी बसली आणि त्याचं मनगट हातात घेतलं.

"काय करताय?"

"नाडी बघतेय. बोलू नका, मोजताना बोललं की वाढतं." घड्याळात बघत तिने मोजलं. "बापरे. एकशे वीस!"

त्याने एक डोळा उघडला. आपल्या मनगटाकडे पाहिलं.

"अंगठ्याने धरलंय तुम्ही," तो म्हणाला.

"मग?"

"अंगठ्याने नाडी बघायची नसते. अंगठ्याला स्वतःची असते. मोजणाऱ्याचीच लागते."

वाऱ्यात ताडपत्री फडफडत होती. वल्लरीला समजायला दोन-तीन क्षण लागले.

"म्हणजे... ही माझी?"

"बहुतेक."

तिने हात सोडायला हवा होता. नाही सोडला. नाव धक्क्याला लागेपर्यंत नाही. उतरल्यावर दोघंही पावसाबद्दलच बोलत राहिले. किती जोरात आला, कसा अचानक आला. जणू जगात बोलण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता, म्हणजे तिकडच्या रविवारी संध्याकाळी, वल्लरीने लॅपटॉपवर लीटियाला कॉल लावला. पडद्यावर त्या आल्या, फुलाफुलांचा स्वेटर, जाड चष्मा, मागे चुलीवर काहीतरी शिजत असावं. खिडकीतून करडा समुद्र दिसत होता.

"मला तुम्हाला काही सांगायचंय," वल्लरी म्हणाली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मुलाखतीतलं खोटं, विमानं, अंधार, बर्फ, बीपी, सगळं. सांगून झाल्यावर ती टेबलाच्या कडेकडे बघत राहिली. आता त्या म्हणतील, जागा दुसऱ्याला देतो. आता म्हणतील...

लीटिया उठून गेल्या. वल्लरीला वाटलं, संपलं. मग त्या परत आल्या, हातात चहाचा मग घेऊन, आणि सावकाश बसल्या.

"बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "मी काळजीत होते. समुद्राला अजिबात घाबरत नाही म्हणाली होतीस ना तू? माझ्या भावाला मी तेव्हाच सांगितलं, या मुलीला पहिले दोन महिने बर्फावर न्यायचं नाही. न घाबरणारा माणूस कडेला जाऊन उभा राहतो."

"आणि घाबरणारा?"

"तो विचारतो. पाय टाकू का, विचारतो. मग आम्ही सांगतो." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मला वयाच्या सहाव्या वर्षापासून भीती वाटते. म्हणून अजून जिवंत आहे. तू उबदार मोजे मात्र आण. दुकानातले आमच्याकडे फार महाग."

कॉल बंद झाल्यावर वल्लरी टेबलावर डोकं टेकून रडली. भीती गेली नव्हती. ती तिथेच होती, पण आता ती लपवायची गरज नव्हती. आणि सगळ्यात आधी हे कोणाला सांगावंसं वाटलं, ते तिला डोळे पुसायच्या आतच कळलं होतं. तिने उन्मेषला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, 'छान. खूप छान.' बस, एवढंच. नंतरच्या दोन आठवड्यांत तिने आणखी चार मेसेज केले. प्रत्येकाला तसंच, नीटनेटकं, दोन शब्दांचं उत्तर.

शेवटच्या तपासणीच्या दिवशी ती बुकित पंजांगच्या आपल्या खोलीवरून तासभर आधीच निघाली. अबोली रंगाचा कुर्ता दोनदा बदलून पुन्हा तोच घातला होता. तो विचारेल झोप झाली का, मी म्हणेन हो, मग तो दोन बोटं पट्ट्यात सरकवेल... एमआरटीत उभी राहून ती हेच घोकत होती.

खोलीत उन्मेष नव्हता. त्याच्या जागी सिस्टर रोहाना होत्या, पन्नाशीच्या, गोल चेहऱ्याच्या मलय बाई.

"उन्मेषने तुझी फाईल मला दिली," त्या इंग्रजीत म्हणाल्या आणि पट्टा बांधू लागल्या. "बस शांत."

दिली? का? वल्लरीच्या कानात घूं घूं आवाज सुरू झाला. मेसेजचं ते दोन शब्दांचं उत्तर... पुलावर वळवलेला चेहरा... म्हणजे नाव, वादळ, मनगट, ते सगळं माझंच होतं? त्याला टाळायचं होतं मला? पट्टा फुगला, आकडे धावले आणि थांबले.

एकशे छप्पन्न.

"अय्यो!" सिस्टर रोहानांनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "हा आकडा मी लिहिणार नाही. आत्ता काय झालं तुला? जा, पाणी पी, चाल थोडी. पंधरा मिनिटांनी परत मोजू. कॅन वन, लाह. होईल नीट. डोन्ट वरी."

कॉरिडॉरच्या टोकाला पाण्याच्या मशीनपाशी उन्मेष उभा होता. हातात रिकामा ग्लास. तिला बघून त्याने तो भरायला घेतला आणि पाणी ओसंडून वाहायला लागलं तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"माझी फाईल का दिलीत दुसऱ्यांना?" वल्लरीने विचारलं. आवाज चिडका यावा असं तिला वाटत होतं. तो रडका आला.

"नियम आहे."

"कसला नियम?"

"आपल्या माणसाची तपासणी आपण करायची नसते." तो ग्लासकडे बघत बोलत होता. "आकडा हवा तसा दिसायला लागतो."

बाजूच्या खोलीत कोणाचा तरी फोन वाजत होता. कोणी उचलत नव्हतं.

"मी... तुमचं माणूस कधी झाले?"

"तेच तर सिस्टरनी विचारलं. फाईल बदलायचा फॉर्म असतो, त्यात एक रकाना आहे, पेशंटशी नातं. मी तो कोराच ठेवला. काय लिहायचं? तुम्हाला न विचारता..." तो थांबला. ग्लास खाली ठेवला.

"आणि तुम्हाला कुठला आकडा हवा होता?" तिने अगदी हळू विचारलं.

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं. आज डोळे हसत नव्हते.

"खरं सांगू? त्या शनिवारपासून... एकशे साठ. रोज सकाळी उठलो की वाटायचं, नापास होऊ दे हिला. राहू दे इथेच. तुम्ही लीटियाबाईंबद्दल कळवलंत तेव्हा मला आनंद झाला आणि... भीती पण वाटली. तुमची नाही. माझी. मी एखाद दिवशी आकडा बदलेन याची. म्हणून दोन शब्दांच्या वर लिहायची हिंमत झाली नाही."

वल्लरी भिंतीला टेकली. इतके दिवस ती विमानाला भ्याली होती, बर्फाला, अंधाराला. आता समोर उभी राहिलेली ही भीती नवीनच होती. गेले तर याला सोडून जायचं. न गेले तर... ती म्हातारी पाण्याकडे बघत राहील आणि मी इथे राहीन.

"मी जाणार आहे," ती म्हणाली. "पास झाले तर."

"माहीत आहे."

"दहा महिने."

"मोजलेत मी. तीनशे चार दिवस."

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले, दोन्ही एकदमच. तिने त्याच्या पुढ्यातला तो काठोकाठ भरलेला ग्लास उचलला आणि एका दमात पाणी प्यायली.

"तो रकाना कोरा ठेवू नका," ती म्हणाली. "तुम्ही काही बदलत नाही ना? मग जे आहे ते लिहा."

"काय आहे?" त्याचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"तुम्हाला माहीत आहे. आणि... मलाही तेच आहे."

तो काही बोलायच्या आत ती वळली आणि कॉरिडॉरमधून जवळजवळ पळत खोलीत गेली. खुर्चीत बसली, हात पुढे केला, डोळे मिटले. छातीत धडधडत होतंच. सिस्टर रोहानांनी तिला पूर्ण दहा मिनिटं तशीच बसवून ठेवली. मग पट्टा फुगला आणि सुटला.

"एकशे बत्तीस-चौऱ्याऐंशी," त्या म्हणाल्या आणि फॉर्मवर शिक्का मारला. "सी? आय टोल्ड यू." मग दाराच्या काचेतून बाहेर बघत त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं. "त्याचं मोजायला हवं आता. तिकडे पाणी सांडून ठेवलंय त्याने."

पुढे अकराच दिवस हातात होते. त्या अकरा दिवसांत दोघांनी मिळून जाड मोज्यांचे आठ जोड घेतले आणि बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत, रोज संध्याकाळी एका टेबलाशी बसून एकाच ताटलीतला रोजक, तिथला फळांचा आंबटगोड प्रकार, खाल्ला. ती सूर्याशिवायच्या दिवसांबद्दल बोलायची, तो ऐकायचा. एकदा तो म्हणाला, मार्चमध्ये सुट्टी काढून येईन. समुद्र गोठलेला असतानाच, बर्फाचं पाणी व्हायच्या आत. त्यावर ती इतकी हसली की शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनीही काही न कळता हसून घेतलं. पण हसू संपलं की दोघं गप्प व्हायचे. टेबलावर त्याचा हात तिच्या हाताशेजारी असायचा, आणि दोघांनाही ठाऊक असायचं की आजचा एक दिवस संपला.

चांगी विमानतळावर ती सकाळी पोचली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. चार विमानं बदलायची होती, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान. शेवटच्यात नऊच माणसं बसतात. उन्मेषने बॅग काट्यावर ठेवली, पासपोर्ट दोनदा तपासला, तिच्या गळ्यातली लोकरी पट्टी उगीचच नीट केली. इथे बाहेर बत्तीस अंश होते आणि तिने ती पट्टी घालून ठेवली होती, विसरेन म्हणून.

आत जायच्या दारापाशी दोघं थांबले. आजूबाजूने माणसं, ट्रॉल्या, रडणारं एक बाळ, हसणारं एक कुटुंब.

"उन्मेष, मला खूप भीती वाटतेय," ती म्हणाली. "अगदी खूप. परत फिरावंसं वाटतंय."

"मलाही वाटतेय."

"कशाची?"

"तुम्ही परत फिराल याची. आणि नाही फिरणार याची." त्याने तिचे दोन्ही हात हातात घेतले. ते थंडगार होते, आणि त्याचे गरम. तिच्या विमानाची घोषणा झाली. मग त्याने हात सोडले, एकेक बोट सोडल्यासारखे, आणि म्हणाला,

"निघ."

ती वळली. पासपोर्ट पुढे केला, काचेचं दार उघडलं, चार पावलं आत गेली आणि थबकली. निघ. निघा नाही. इतक्या दिवसांत एकदाही...

ती गर्रकन मागे फिरली. दारापाशीचा अधिकारी काही म्हणाला, तिने ऐकलंच नाही. काचेपलीकडे तो उभा होता, दोन्ही हात खिशात घालून, चष्मा घरी विसरलेल्या माणसासारखा डोळे बारीक करून तिला शोधत.

"काय म्हणालास?" ती काचेच्या फटीतून ओरडली. "परत म्हण!"

त्याला समजलं. त्याच्या चेहऱ्यावर लाली चढली, आणि मग ते हसू आलं, या खेपेला ओठांवरही.

"निघ, वल्लरी!" तो सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाला. "लवकर निघ... म्हणजे लवकर येशील!"

वल्लरीने डोळे पुसले, खांद्यावरची पिशवी सावरली, आणि भीत भीतच, पण न थांबता, विमानाकडे चालू लागली.